घरातल्या सज्ञान व्यक्ती

२० फेब्रुवारी

आज मी एका मुलीला थंडीत बाहेर विसरले. आधी एवढंच लिहिते. पुढचं लिहायला लागलं की वाक्यं आपोआप माझ्या बाजूने झुकतात.

एस्मे चार वर्षांची आहे. सकाळी साडेदहाला मी वर्ग मैदानावरून आत आणला तेव्हा ती निळ्या प्लास्टिकच्या बोगद्यात बसून राहिली. अकरा मिनिटं. कुंपणाबाहेरून जाणाऱ्या पोस्टमनला तिचे बूट दिसले, म्हणून ती सापडली. एका हातात हातमोजा नव्हता आणि ती बोटं उकडलेल्या बिटासारखी लाल झाली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "मिस टॅबी, तू मला शोधलंच नाहीस." तिला वाटत होतं लपाछपी चालू आहे.

आमच्या पाळणाघराचा नियम साधा आहे. दारातून आत-बाहेर करताना यादीतलं एकेक नाव मोठ्याने घ्यायचं, त्या मुलाचा चेहरा बघायचा, मग खूण. मी नावं घेतली नाहीत, टोप्या मोजल्या. टोबीच्या नाकातून रक्त येत होतं, एका हाताने मी त्याचं नाक दाबून धरलं होतं आणि त्याची टोपी माझ्या दुसऱ्या हातात होती. टोबीला मी दोनदा मोजलं, एकदा डोकं आणि एकदा टोपी. चौदा झाले. मी सही केली.

वर्गावरची दुसरी बाई, शॉना, तेव्हा माझ्याबरोबर नव्हती. स्वयंपाकीण आली नव्हती म्हणून मिस लॉरेटांनी तिला भाज्या चिरायला आत नेलं होतं. पण हे कारण झालं, आणि कारण सांगितलं की माफी माफी राहत नाही.

मिस लॉरेटा पाळणाघराच्या प्रमुख आहेत. त्यांनी एस्मेला मांडीवर घेऊन गरम दूध दिलं. मला म्हणाल्या, आज कोणी कुठे फोन करायची गरज नाही, मी बघते. पण नोकरीला लागताना आम्हाला दिवसभर बसवून शिकवलं होतं की मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाने संशय आला की स्वतः फोन करायचा. वरिष्ठांना सांगितलं म्हणजे काम झालं असं नाही. मुलाकडे दुर्लक्ष करणारी व्यक्ती आपण स्वतःच असलो तर काय करायचं, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं. मी चार चाळीसला किराणा दुकानाच्या आवारात गाडी लावून राज्याच्या बालसंरक्षण क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईने विचारलं, दुर्लक्ष कोणी केलं? मी माझं नाव सांगितलं. फोन कोण करतंय? मी पुन्हा तेच नाव सांगितलं. त्यांनी स्पेलिंग विचारलं.

२१ फेब्रुवारी

बालसंरक्षण खात्याच्या तपासनीस आल्या, मिसेस ऑल्गिन. थकलेल्या आणि सभ्य. आमच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. आई छोट्या पर्लला घेऊन वर गेली होती.

मिसेस ऑल्गिननी विचारलं, असं का झालं? मी सांगितलं, "कारण नाही. मी लक्ष दिलं नाही." त्यांनी पेन उचलून धरलं. आणखी काही सांगायचंय का? मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही नाही म्हणाले. मग त्यांनी लिहून घेतलं.

याच टेबलावर आईने आम्हा चौघा भावंडांना शिकवलं. मी अठरा वर्षांची होईपर्यंत दुसरी शाळा पाहिली नाही. दर शुक्रवारी, वाचन-गणित झालं की, प्रत्येकाने अर्ध्या कागदावर आठवड्यातली चूक लिहायची. आई वाचायची आणि कृत्यानंतर जे काही लिहिलं असेल ते पेन्सिलीने खोडायची. 'मी पीटरला ढकललं, कारण त्याने आधी' यातलं 'मी पीटरला ढकललं' तेवढं उरायचं. मग कागद चुलीत जायचा आणि तो विषय पुन्हा कधी निघायचा नाही.

आज तसंच हलकं वाटलं. फक्त मिसेस ऑल्गिननी कागद चुलीत न टाकता पिशवीत ठेवला.

२ मार्च

निकाल लागेपर्यंत मला कामावर जायचं नाही. मिस लॉरेटा घरी येऊन गेल्या. बटाटे आणि चीज घालून भाजलेला मोठा ट्रे आणला होता. मला मिठीत घेऊन म्हणाल्या, "हे बघ पोरी, पत्र येईल. येऊ दे. खणात टाक आणि विसर. भांडत बसलीस तर चाळीस मुलांच्या आया घाबरतील. त्या पोरांचं काय?"

त्यांनी माझ्यावर एका शब्दाने राग काढला नाही. इतक्या चांगुलपणाला मी पात्र नाही.

१९ एप्रिल

पत्र आलं. आरोपात तथ्य आढळले. माझं नाव मुलांच्या छळाच्या आणि दुर्लक्षाच्या राज्य नोंदवहीत पाच वर्षांसाठी नोंदवण्यात आले आहे.

'येईल' नाही, 'आले आहे'. मी समजत होते आधी कोणी न्यायाधीश विचारतील. तसं नसतं. मिसेस ऑल्गिनना फोन केला, तर त्यांनी धीराने समजावलं. हे कोर्ट नाही. घडलं असण्याची शक्यता न घडलं असण्यापेक्षा जरा जास्त वाटली की पुरतं. तपासनीस लिहितो, त्याचा वरिष्ठ सही करतो, नाव चढतं. पटत नसेल तर साठ दिवसांत अपील करायचं, न्यायाधीश त्यानंतर. नोंदवही कोणाही शेजाऱ्याला बघता येत नाही. पाळणाघरं, शाळा आणि दत्तक देणारी खाती तेवढी बघतात.

'दत्तक' हा शब्द मी त्यांना पुन्हा म्हणायला लावला.

पर्ल आमच्याकडे राज्याने सांभाळायला दिलेली आहे. एकोणीस महिने झाले. आली तेव्हा जेवण झाल्यावर पाव उशीखाली ठेवायची. आता ठेवत नाही. उन्हाळा संपेपर्यंत ती कायदेशीर आमची व्हायची आहे, आई-बाबांचा अर्ज गेलेला आहे. त्या अर्जात घरातल्या सज्ञान व्यक्तींची नावं विचारली आहेत आणि प्रत्येकाचं नाव नोंदवहीत तपासतात. तीन नावं आहेत. बाबा, आई, मी.

आईने पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. वर जाऊन पर्लच्या खोलीचं दार बंद केलं.

२४ एप्रिल

दत्तक खात्याच्या बाई आल्या. आवाज अगदी मऊ. म्हणाल्या, दोनच वाटा आहेत. टॅबिथा या घरात राहणार असेल तर पर्लला दुसरीकडे ठेवावं लागेल. टॅबिथा दुसरीकडे राहिली तर अर्ज पुढे जाऊ शकतो, पण तिला पर्लला एकटीने भेटता येणार नाही.

बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिले. आई म्हणाली, दोन दिवस द्या. मी म्हणाले, दोन दिवस कशाला?

संध्याकाळी कपडे भरले. पर्ल पायरीवर बसून बघत होती. मी सांगितलं, आत्याकडे राहायला चालले. तिने विचारलं, "तुझी बॅग कचऱ्याची पिशवी का नाही?" तिला प्रत्येक घरातून तिचे कपडे कचऱ्याच्या पिशवीत भरूनच हलवलं होतं.

९ मे

व्हर्ना आत्या बाबांची थोरली बहीण. तीस वर्षांपूर्वी आमची चर्चची मंडळी सोडून गेली, केस कापले आणि गावात टायरचं दुकान टाकलं. आमच्याकडे तिचा विषय निघाला की आई भांडी जोरात घासायची. आता मी तिच्या तळघरात झोपते.

अपील करायचं नाही असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. केलं मी, मग नाही कसं म्हणू? आत्याने सॉसेज परतता परतता विचारलं, त्या दिवशी मैदानावर किती पोरं होती. मी चौदा म्हणाले. नियम किती? एका बाईमागे दहा. दुसरी बाई कुठे होती? मी म्हणाले, "आत्या, ते कारण झालं."

तिने गॅस बंद केला. "अगं बाई, तुझ्या घरात गुन्हा कबूल करायला शिकवलं. घडलं काय ते सांगायला कोण शिकवणार होतं, मी?"

मला तिचा राग आला. मग रात्रभर तेच वाक्य ऐकू येत राहिलं.

२७ मे

रविवार. प्रार्थनेनंतर आईला चर्चच्या आवारात गाठलं. अपीलबद्दल विचारलं. ती म्हणाली, "जे केलंस ते कबूल केलंस. आता शिक्षा आली म्हणून शब्द फिरवायचा?" तिचे डोळे सुजलेले होते. पर्ल आता रात्री उठते आणि घरातले सगळे दिवे लावते, हेही तिनेच सांगितलं. पर्ल बाबांच्या हाताला धरून लांब उभी होती. मी हात हलवला. तिने हलवला नाही.

मिस लॉरेटांनाही फोन करून विचारलं. त्या घाईत होत्या. नको म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कोरडा वाटला, पण मी त्यांना दुपारच्या झोपेच्या वेळी फोन केला होता, चूक माझीच.

१४ जून

आजचा छप्पन्नावा दिवस. अपीलाचा कागद तीन आठवडे आत्याच्या फ्रिजवर चुंबकाखाली आहे. ती त्याविषयी बोलत नाही, फक्त दूध काढताना दर वेळी तो सरळ करते.

मी स्वतःला विचारलं: हे मी माझ्यासाठी करतेय का? असेल तर नको. पर्लसाठी करतेय असं म्हणावं तर तेही कारणच झालं, फक्त चांगले कपडे घातलेलं. कशातच स्वच्छ वाटेना. मग घड्याळात साडेचार झाले, पोस्ट पाचला बंद होतं. मी सही केली आणि धावले. अजून खात्री नाही.

३ जुलै

अपील केल्यावर आपली फाइल मागता येते. ती आली. सत्तेचाळीस पानं. फोन करणाऱ्याचं नाव कायद्याने गुप्त असतं म्हणून तिथे काळी पट्टी. माझं नावही काळ्या पट्टीखाली आहे. मी केलेल्या फोनमध्ये मला माझ्यापासून लपवलंय. आत्या यावर इतकी हसली की तिला खोकला आला.

पण फोन दोन आहेत. माझा चार चाळीसचा. त्याच्या आधी, त्याच दिवशी बारा पन्नासला, आणखी एक. त्यावरही काळी पट्टी. त्यात लिहिलंय: मैदानावर दोन कर्मचारी नियमाप्रमाणे हजर होत्या, टॅबिथा योस्ट ही फोन बघत होती.

आमचे फोन सकाळी कुलुपात ठेवतात. हे कोणाला माहीत नसेल? पोस्टमनला नसेल. पण दोन कर्मचारी असतात हे त्याला कुठून कळणार? एस्मेच्या आईचा गैरसमज झाला असावा. पण तिला मिस लॉरेटांनी सांगितलं संध्याकाळी साडेपाचला. हे गणित जुळत नाही. उद्या पुन्हा बघेन.

आत्या म्हणाली, "बघ, बघ. तू गणितात हुशार होतीस म्हणे."

२६ जुलै

सुनावणी फोनवर झाली.

वेळ नऊची. आत्याच्या स्वयंपाकघरात फोन मधोमध ठेवून बसले. पावणेनऊला दारात आई. आत्या आणि ती तीस वर्षांत एका छपराखाली आल्या नव्हत्या. आत्याने खुर्ची ओढून दिली आणि म्हणाली, "बस. भांडी मी घासून ठेवलीयत." आई बसली.

फोनवर पलीकडे न्यायाधीश, राज्याचे वकील, मिसेस ऑल्गिन आणि साक्षीला मिस लॉरेटा. आमच्या मंडळीत शपथ घेत नाहीत, म्हणून मी खरं सांगेन एवढं म्हणाले. न्यायाधीश म्हणाले, तेही चालतं.

वकिलांनी माझं वाक्य वाचून दाखवलं. कारण नाही, मी लक्ष दिलं नाही. हे तुमचे शब्द? हो. पुन्हा दोनदा विचारूनही तुम्ही काही जोडलं नाहीत? नाही. मग त्यांनी मिस लॉरेटांना विचारलं. त्या म्हणाल्या, टॅबी गोड मुलगी आहे, पण त्या दिवशी फोन बघत होती. तेच शब्द. मी कागदावर वाचले होते तेच. त्यावर विचार करायला वेळ नव्हता, कारण न्यायाधीशांनी मला विचारलं, मैदानावर मुलं किती आणि मोठी माणसं किती होती?

समोर आई. तिच्या हाताकडे बघत होते, पेन्सिल असायची त्या हाताकडे.

"मिस योस्ट, ऐकू येतंय?"

मी म्हणाले, त्याचं उत्तर दिलं तर ते कारण सांगितल्यासारखं होईल.

फोनवर कोणीतरी खाकरलं. न्यायाधीशांचा आवाज चढला नाही. "मी तुम्हाला माफी मागायला सांगत नाहीये. तिथे कोण कोण होतं ते विचारतोय. माहीत असून सांगत नसाल तर ते खरं सांगणं नाही."

तेव्हा आई बोलली. मला नाही, फोनला.

"ती सांगणार नाही, साहेब."

"कोण बोलतंय?"

"तिची शिक्षिका."

"कुठल्या शाळेतल्या?"

"घरातल्या. मी तिची आई. बारा वर्षं मी तिची वाक्यं अर्धी खोडत आले. तुम्हाला जे अर्धं मिळालंय ते माझ्यामुळे." मग माझ्याकडे वळली. असा आवाज मी तिचा ऐकला नव्हता. "टॅबी, सगळं सांग. मलाही माहीत नाही. मीही कधी विचारलं नाही."

वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी आईला गप्प राहायला सांगितलं आणि माझी वाट बघितली.

मी सांगितलं. चौदा मुलं. मी एकटी. शॉनाला दहा वाजता आत बोलावलं होतं, भाज्या चिरायला. कोणी बोलावलं? मिस लॉरेटांनी. पूर्वीही असं झालं होतं? हो, त्या महिन्यात पाच-सहा वेळा. फोन? कुलुपात होता. टोबीचं रक्त, टोपी, दोनदा मोजणं. आणि नावं घेतली नाहीत हेही पुन्हा सांगितलं, ते माझंच आहे.

न्यायाधीशांनी मिस लॉरेटांना विचारलं, सव्वादहा ते पावणेअकरा शॉना कुठे होत्या?

"मैदानावर असावी."

"असावी?"

कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "थोडा वेळ मी तिला आत घेतलं असेन."

"आणि मिस योस्ट फोन बघतायत हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

त्या म्हणाल्या, नाही, पण आजकालच्या मुली बघतातच.

बाकी मला नीट आठवत नाही. फोन बंद झाल्यावर आई टेबलावर डोकं ठेवून बसली. आत्याने कॉफी टाकली. पहिला फोन कोणाचा, ते मी मोठ्याने म्हटलं नाही. आई म्हणाली, "तिचा तो बटाट्यांचा ट्रे मी धुऊन परत दिला होता. आभाराचं पत्र घालून."

११ ऑगस्ट

निकाल तीस दिवसांत येतो म्हणे. आजचा सोळावा. शॉनाने निरोप पाठवला की तिला विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं, पण आपणहून कशी बोलणार, दोन पोरं आहेत. मला तिचा राग येत नाही. येत नाही हे खरं आहे का, ते दोनदा तपासलं.

मी हरले तर पर्लला मी पाच वर्षं फक्त माणसांच्या देखत भेटेन. ती तेव्हा दहाची असेल.

२३ ऑगस्ट

आत्याने पाकीट दुकानातल्या ग्रीसच्या हाताने फोडलं, काठावर काळे ठसे आहेत. 'अपीलकर्तीकडून चूक झाली. नेमून दिलेल्यापेक्षा जास्त मुलं तिच्यावर एकटीवर सोपवण्यात आली असता झालेली ही चूक कायद्याच्या अर्थाने दुर्लक्ष ठरत नाही. निष्कर्ष रद्द. नाव नोंदवहीतून काढण्यात यावे.' पाळणाघराची माहिती परवाना खात्याकडे पाठवल्याचं खाली वेगळ्या ओळीत आहे. ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मला ती चाळीस मुलं आठवली, आणि त्यांच्यात एस्मे.

चूक झाली, हे पहिलं वाक्य न्यायाधीशांनी खोडलं नाही. ते बरं वाटलं.

३० ऑगस्ट

दत्तक खात्याच्या बाईंनी सकाळी नोंदवही पुन्हा तपासली. माझ्या नावापुढे काही नाही. आज घरी आले.

चार महिने आणि सहा दिवस. पर्ल दारात उभी होती, उंच झालीय, पुढचा दात हलतोय. मी बॅग खाली ठेवून गुडघ्यावर बसले. ती आली नाही. आई काही बोलायला गेली, बाबांनी तिच्या हाताला स्पर्श केला.

पर्लने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. नव्या घरात तिला नेलं की तिथली मोठी माणसं जो आवाज काढायची, तो आवाज तिने काढला. "ये. मी तुला घर दाखवते." माझं बोट धरलं. हे स्वयंपाकघर. इथे बाथरूम, साखळी जोरात ओढायची. ही माझी खोली. ही तुझी. इथे कपडे ठेवायचे. रात्री भीती वाटली तर दिवा लावला तरी कोणी रागवत नाही.

मी प्रत्येक दाराशी थांबले आणि ती सांगेल ते ऐकलं. शेवटी तिने विचारलं, "तू किती दिवस आहेस?"

मी म्हणाले, कायमची.

ती म्हणाली, "सगळे तसंच सांगतात," आणि मला अंगण दाखवायला घेऊन गेली.